नाशिकचा उन्हाळा आणि काचेचं कॅबिनेट: हवा येते कुठून, जाते कुठून?

सध्या कॉलेज रोडला नाहीतर कॅनडा कॉर्नरला कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात डोकावलं की शोकेसमध्ये एकच प्रकार दिसतो, पुढून काच, बाजूने काच आणि आत सहा-सात रंगीत पंखे गरागरा फिरतायत. पोरगं म्हणतं मला हाच पाहिजे, वडील किंमत विचारतात, आणि दुकानदार म्हणतो, "काका, सात फॅन आहेत, गरम व्हायचा प्रश्नच नाही." मग येतो मे महिना. दुपारी दोनची वेळ, खोलीत ३६-३७ अंश, गेम चालू केला की थोड्याच वेळात डबा घोंघावायला लागतो आणि गेम अडखळत चालतो. सात पंखे असून असं का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, त्यामुळे एकदाच मुळापासून लिहून टाकतो.

नाशिकला पूर्वी पंखासुद्धा लागत नव्हता असं जुनी माणसं सांगतात. असेल. आता एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो आणि आपला पीसी त्याच हवेवर चालतो.

## मुळात उष्णता तयार किती होते

कॅबिनेट म्हणजे तो पत्र्याचा डबा ज्यात मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा भाग, बसवतात. आता पीसी सॉकेटमधून जेवढी वीज ओढतो ती जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते, गेम खेळा नाहीतर एक्सेल चालवा, वीज कुठे साठून राहत नाही. गेमिंगचा मध्यम पीसी जोरात चालला की ३००-४०० वॅट सहज घेतो, म्हणजे तेवढी उष्णता त्या डब्यातून सतत बाहेर काढायची आहे.

पेंटियम ३ च्या जमान्यात प्रोसेसर तीसेक वॅटवर भागवायचा. २०१६ ला आलेलं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड ७५ वॅटचं होतं. आज आरटीएक्स ५०९० या कार्डाचा आकडा ५७५ वॅट आहे आणि आय९-१४९००के हा एकटा प्रोसेसर जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो. एवढं महाग सामान आपण कोणी घेत नाही ते सोडा, पण दिशा कळते. तो जुना पिवळट डबा आठवतो का, पुढे फक्त सीडी ड्राइव्हचं तोंड आणि पॉवरचं बटण? त्याला पुढून हवा घ्यायला धड जागा नसायची आणि तरी बिनतक्रार चालायचा, कारण आत तापणारं असं फारसं नव्हतंच.

डब्याचा आतला नकाशा मात्र अजून त्याच काळातला आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवलं, मदरबोर्ड कुठे, स्क्रू कुठे, मागची पोर्टं कुठे वगैरे. तेव्हा एसएमपीएस वरच्या बाजूला प्रोसेसरच्या जवळ असायचा आणि आतली गरम हवा त्याच्याच पंख्याने बाहेर पडायची. आता तो खाली गेला, स्वतःची हवा तळाच्या जाळीतून घेतो आणि मागून सोडतो. मधे २००४ च्या सुमारास इंटेलने बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणून बघितली होती, त्यात पुढून आलेली हवा सरळ प्रोसेसरवरून मागे जायची. कल्पना चांगली होती, बाजाराने घेतली नाही, दोनेक वर्षांत गुंडाळली.

## पंखे थंडावा तयार करत नाहीत

इथे बहुतेकांचा घोळ होतो. पंखा फक्त हवा हलवतो. खोलीत ३७ अंश असतील तर कॅबिनेटमधली कुठलीही गोष्ट ३७ च्या खाली जाणार नाही, मग पंखे सात लावा की सतरा. कॅबिनेटच्या हातात एकच गोष्ट आहे, आतली हवा खोलीपेक्षा किती अंशांनी वर जाऊ द्यायची.

याचा हिशोब सोपा आहे. पंख्याच्या खोक्यावर सीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ढकलतो ते, आणि एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. समजा आत ४०० वॅट उष्णता तयार होतेय आणि डब्यातून खरोखर ४० सीएफएम हवा वाहतेय, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण २० अंशांनी गरम असेल. हवा दुप्पट करून ८० केली की फरक निम्मा, १० अंश. म्हणजे ३७ च्या खोलीत एकीकडे ५७ आणि दुसरीकडे ४७. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाचे स्वतःचे पंखे याच आतल्या हवेवर जगतात, त्यामुळे हे दहा अंश बऱ्यापैकी तसेच्या तसे चिपच्या तापमानात उतरतात.

जाता जाता, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सात टक्के विरळ. तेवढ्याच लिटर हवेत थोडी कमी उष्णता मावते. वरच्या आकड्यात ते धरलंय. फार फरक नाही, पण फुकटचा तोटा आहे खरा.

अजून एक. खोक्यावरचा सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढे काही अडथळा नसताना. जाळी, फिल्टर, काच, लिक्विड कूलरचा रेडिएटर असं काही समोर आलं की प्रत्यक्षातला आकडा घसरतो, आणि बंद काचेसमोर तर पार कोसळतो. दुकानातल्या त्या सात पंख्यांचं काय होतं ते इथे कळलं असेल.

## कांदाचाळ बघितली असेल तर अर्धं समजलंच

निफाड, लासलगाव, पिंपळगावकडे गेलात की शेताच्या कडेला कांदाचाळी दिसतात. नीट बघा कधी. जमिनीपासून उचललेली, तळाला फटी, बाजूंना पट्ट्या नाहीतर जाळी, वर छप्पर, आणि रुंदी मुद्दाम कमी ठेवलेली, म्हणजे ढिगाच्या मधल्या कांद्यालाही हवा लागली पाहिजे. कांदा साठवणीतही ऊब आणि ओल सोडत असतो, ती बाहेर गेली नाही की सडायला सुरुवात मधूनच होते. कोणताही शेतकरी चाळीला पुढून काच लावणार नाही, कितीही छान दिसली तरी. पीसीला शेतकऱ्याची हीच नजर पाहिजे: खालून-पुढून हवा आत, मागून-वरून बाहेर, आणि मधल्या वाटेवर जे तापतं त्याला हवा घासून गेली पाहिजे. फरक एवढाच की चाळीत वारा आपोआप खेळतो, आपल्या डब्यात पंख्यांनी खेळवावा लागतो.

पुढून आत येणाऱ्या बाजूला इनटेक म्हणतात आणि बाहेर जाणाऱ्याला एक्झॉस्ट. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

## मग बाहेरून बघताना नेमकं काय बघायचं

पहिली गोष्ट पुढचं पॅनेल. इथेच निम्मा निकाल लागतो. पूर्ण जाळी असेल तर उत्तम. सपाट पत्रा किंवा काच असेल तर कडेला फट किती आहे बघा, करंगळी जात नसेल तर पंख्याला हवा मिळणार कुठून? काही डब्यांना पुढे जाळी दिसते पण मागे प्लास्टिकची बंद पट्टी असते, नुसती शोभेची जाळी. त्यासाठी दुकानातच मोबाईलचा टॉर्च लावून बघा, प्रकाश आरपार जातोय का. दुकानदार जरा विचित्र बघेल, बघू द्या. कंपन्यांनाही हे कळलंय, कोर्सेअरने २०२० मध्ये ४०००डी हे कॅबिनेट काढलं तेच दोन प्रकारांत, एकाला सपाट पुढचा भाग आणि दुसऱ्याला भोकांचा, सांगाडा तोच.

दुसरी गोष्ट पाय. तळाला एसएमपीएस आपली हवा घेतो, त्यामुळे पाय अर्ध्या इंचाचे असतील आणि तुम्ही डबा गालिच्यावर ठेवणार असाल तर त्याचं तोंड तुम्हीच बंद केलंत.

तिसरी गोष्ट फिल्टर. पुढे, खाली आणि शक्यतो वर. आणि तो सहज निघतो का हे नक्की बघा, कारण ज्याच्यासाठी चार स्क्रू आणि पुढचं अख्खं पॅनेल काढावं लागतं तो फिल्टर घरात कोणी साफ करत नाही, दिवाळीलाही नाही. नाशिकमध्ये सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते खोदलेत, जी धूळ खिडकीच्या गजावर बसते तीच फिल्टरवर बसते. महिन्यातून एकदा काढा, नळाखाली धरा, पूर्ण वाळवा, लावा. ओला लावू नका.

मागच्या बाजूला कार्डांच्या जागी पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात. जुनं कार्ड काढलं की ती पट्टी हमखास हरवते आणि मोकळी फट राहते. तिथून धूळ तर येतेच पण पालही येते, आणि पाल एसएमपीएसजवळ गेली की पुढचं मी लिहीत नाही.

पत्र्याची जाडी, बटणाचा आकार, पुढे यूएसबी किती, हे सगळं आपापल्या सोयीचं, थंडाव्याशी त्याचा संबंध फार नाही.

## "जास्त पंखे म्हणजे जास्त थंड ना?"

एका मर्यादेपर्यंत. शून्य पंख्यांवरून दोनवर गेलात तर प्रचंड फरक पडतो, तिनावरून सहावर गेलात तर थोडा, आणि पुढची काच बंद असेल तर सहाही पंखे तीच तीच गरम हवा आत घुसळत बसतात. साध्या घरगुती गेमिंग पीसीला पुढे दोन आणि मागे एक, १२० मिमीचे, हे पुरतं. जागा असेल तर १४० मिमीचे घ्या, मोठा पंखा तेवढीच हवा कमी वेगात देतो म्हणून आवाज कमी.

आवाजाचं गणित मजेशीर आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते, आणि आवाजही बराच वाढतो. म्हणून एक पंखा पूर्ण वेगात पळवण्यापेक्षा दोन अर्ध्या वेगात चालवलेले केव्हाही बरे.

वरच्या बाजूला पंखा लावायचाच असेल तर मागच्या कोपऱ्यात लावा. "गरम हवा वर जाते म्हणून वर सगळीकडे पंखे" हे तर्क म्हणून ठीक आहे, पण पंखे चालू असताना गरम हवेची ती आपोआप वर जायची ओढ फारच क्षीण पडते, आणि वर पुढच्या बाजूला लावलेला एक्झॉस्ट नुकतीच आत आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर फेकतो. मी तर तो पंखा काढूनच टाकायला सांगतो.

स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या रंगीत पंख्यांची आणखी एक भानगड असते. त्यांची वायर कधी कधी थेट एसएमपीएसच्या चार पिनच्या मोठ्या मोलेक्सला जोडायची असते, म्हणजे पंखा कायम एकाच वेगात, रात्री नुसतं यूट्यूब बघतानाही. मदरबोर्डला जोडता येणारे पंखे घ्या, चार बारीक पिनचे म्हणजे पीडब्ल्यूएम असतील तर छानच, मदरबोर्ड तापमान बघून त्यांचा वेग स्वतः कमीजास्त करतो. दिवे वेगळे, वेग वेगळा. दिव्यांचा थंडाव्याशी काडीचा संबंध नाही.

पंखा उलटा बसलाय का हे तपासायचं असेल तर साधारणपणे ज्या बाजूला आडव्या दांड्या आणि मधे स्टिकर असतो तिकडून हवा बाहेर पडते. काचेच्या डब्यांसाठी उलट पात्यांचे पंखेही मिळतात, त्यामुळे खात्री हवी असेल तर उदबत्ती पेटवा आणि धूर बघा, पुढून आत ओढला गेला पाहिजे आणि मागे बाहेर ढकलला गेला पाहिजे. राख आत पडू देऊ नका.

## "धूळ कशी थांबवायची?"

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. मग डब्यात किंचित जास्त दाब राहतो आणि बारीकसारीक फटींतून हवा बाहेर जाते, आत येते ती फक्त फिल्टरमधून. उलट केलंत, म्हणजे एक्झॉस्ट जास्त आणि इनटेक कमी, तर प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या खाचेतूनही धूळ ओढली जाते. तापमानात या दोन्हींत फार फरक नसतो, फरक सहा महिन्यांनी साईड पॅनेल उघडल्यावर दिसतो.

## "काच लावली की तापतोच का?"

नाही. बाजूची काच बिनधास्त घ्या. उष्णता मुख्यतः हवेबरोबर बाहेर जाते, बाजूच्या भिंतीतून झिरपून जाते ती किरकोळ, त्यामुळे ती भिंत पत्र्याची की काचेची याने विशेष काही बिघडत नाही. वाईट असते ती इनटेकच्या तोंडावरची काच.

मग ते चौकोनी, पुढून आणि बाजूने काच असलेले, ज्यांना फिश टँक म्हणतात ते? त्यांचं तंत्र वेगळं आहे. ते हवा तळातून आणि आतल्या बाजूच्या भिंतीतून घेतात, एसएमपीएस मागच्या वेगळ्या कप्प्यात असतो. तळाला खरोखर पंखे लावलेत, पाय उंच आहेत आणि खाली फिल्टर आहे तर हे डबे चांगले चालतात, ग्राफिक कार्डाला तर खालून थेट ताजी हवा मिळते. अडचण अशी की बरेच जण बजेट संपलं म्हणून तळाचे पंखे नंतर घेऊ म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही. तो खर्च धरून किंमत काढा, मग तुलना करा.

## "लिक्विड कूलर घेतला की विषय संपला?"

लिक्विड कूलर म्हणजे पंपाने नळ्यांतून द्रव फिरवणारा कूलर. तो उष्णता नाहीशी करत नाही, प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या चौकोनापर्यंत नेतो, आणि रेडिएटर थंड कोण करतं, तर पंखे आणि हवाच. कूलरच्या नावातला २४० म्हणजे १२० मिमीचे दोन पंखे, ३६० म्हणजे तीन. रेडिएटर पुढे लावला तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते पण ग्राफिक कार्डाच्या वाट्याला तापलेली येते, वर लावला तर उलट. गेमिंगमध्ये जास्त उष्णता कार्डाची असते म्हणून मी वर लावा म्हणतो. आणि काहीही करा, पंप रेडिएटरपेक्षा उंच ठेवू नका, आतली हवा पंपात जमते आणि तो घुरघुरायला लागतो.

६५ वॅटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर घेणं म्हणजे पैसे दिव्यांवर घालवणं, तेवढ्यात जाळीचं चांगलं कॅबिनेट आणि साधा टॉवर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर उभा बसणारा पंख्याचा कूलर, दोन्ही येतात. फक्त टॉवर कूलरची उंची, बऱ्याचदा १५५-१६० मिमी, कॅबिनेटमध्ये मावते का ते आधी बघा, ग्राफिक कार्डाच्या लांबीचंही तेच.

## "साईड उघडीच ठेवली तर?"

घरोघरी हा उपाय चालतो, बाजूचं पॅनेल काढायचं आणि समोर टेबलफॅन. तापमान उतरतं, खोटं नाही. पण धूळ आडवीतिडवी आत जाते, लहान मुलांचे हात जातात, मांजर असेल तर मांजर जातं. कायमचा उपाय म्हणून नको, तपासणी म्हणून मात्र झकास. गेम अर्धा तास चालवून तापमान बघा, मग पॅनेल काढून पुन्हा बघा. दोन-तीन अंशांचा फरक आला तर कॅबिनेट ठीक आहे, दहा अंशांनी उतरलं तर तुमच्या डब्याला हवाच मिळत नाहीये.

कूलरची, म्हणजे खिडकीतल्या पाण्याच्या कूलरची हवा थेट डब्यावर सोडू नका, त्यात कधी तुषारही येतात. खोली थंड होऊ द्या, पीसीला तेवढं पुरतं.

## "९० अंश दाखवतोय, जळणार का?"

लगेच नाही. चिपला स्वतःची मर्यादा माहीत असते, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, आणि त्यातले मोठे प्रोसेसर तर पूर्ण लोडला ९५ पर्यंत जायलाच बनवलेत. मर्यादा आली की चिप आपला वेग आपणच कमी करते, याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. गेम अडखळतो तो बऱ्याचदा याच्यामुळे, आणि लोक समजतात रॅम कमी पडली आणि उगाच रॅम घेऊन येतात. जळणार नाही, पण ज्या वेगाचे पैसे मोजले तो मिळणार नाही, आणि पंख्यांचा आवाज घरभर.

डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा एक आकड्यात आला की बातमी येते ना, तेव्हा हाच पीसी गप्प चालतो. म्हणून कॅबिनेट थंडीत घेतलं असेल तर त्याच्यावर लगेच खूश होऊ नका.

## "आमचं तर आधीच घेऊन झालंय"

मग पहिल्यांदा ते कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढा. सनमायकाचा तो तिन्ही बाजूंनी बंद खण म्हणजे मागून सोडलेली गरम हवा पुढून पुन्हा आत, दिवसभर. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर चालू असताना काढलेलं आहे ना तेही बघा, हसू नका, बघितलंय मी.

दुसरं, उष्णता मुळातच कमी करा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेम सेकंदाला ६० फ्रेमवर बांधून ठेवा, वरच्या फ्रेम दिसत नाहीतच आणि कार्ड उगाच राबतं. ग्राफिक कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तर फ्रेम थोड्याच कमी होतात आणि उष्णता बरीच. एक रुपया खर्च नाही. वायरी मागे बांधून घ्या, त्याने तापमान लोक सांगतात तेवढं कमी होत नाही, पण पुढच्या पंख्यासमोर वायरींचा गुंता असेल तर तो आधी हलवा.

तिसरं, पुढची काच किंवा पत्रा बहुतेक डब्यांत नुसत्या खटक्यांवर बसवलेला असतो. एप्रिल ते जून तो काढून ठेवा, पंख्यावर फिल्टर तसाच राहू द्या. काढताना जोरात ओढू नका, पॉवर बटणाची नाहीतर दिव्यांची वायर पॅनेलला जोडलेली असू शकते. आणि काच काढली की गादीवर किंवा जाड चादरीवर आडवी ठेवा, फरशीवर उभी करू नका. टेम्पर्ड काच मधून दणकट असते पण कड नाजूक, सिरॅमिकच्या टाइलला कोपरा नुसता टेकला तरी अख्खी काच बारीक तुकडे होऊन खोलीभर पसरते.